चकत्यांची निवड, डिस्क गॉल्फमधील

डिस्क गॉल्फची फेरी खेळण्यासाठी कमीत कमी, परंतु पुरेशा चकत्यांचा संच ठरविण्याची पद्धती. या खेळात गॉल्फमधील काठ्या व चेंडू यांऐवजी हाताने फेकावयाच्या प्लॅस्टिकच्या चकत्या वापरतात आणि खळग्याऐवजी खांबावर बसविलेली, साखळ्या लावलेली टोपली हे लक्ष्य असते. फेरीत सामान्यतः ९ किंवा १८ लक्ष्ये असतात व ती कमीत कमी फेकींत पुरी करणारा खेळाडू विजयी ठरतो.

कॅलिफोर्नियातील (अमेरिका) ओक ग्रोव्ह येथे १९७५ मध्ये एड हेड्रिक (१९२४–२००२) याने या खेळाचे कायम स्वरूपाचे मैदान आखले. प्रोफेशनल डिस्क गॉल्फ असोसिएशन ही संस्था १९७६ मध्ये स्थापन झाली. प्रारंभी साध्या फ्रिस्बीनेच खेळ होई. १९८३ मध्ये डेव्ह ड्यूनिपेस याने उतरत्या धारेची चकती प्रचारात आणली आणि त्यानंतर चकत्यांचे असंख्य प्रकार निघाले. गॉल्फमध्ये खेळाडूला जास्तीत जास्त १४ काठ्या बाळगता येतात. डिस्क गॉल्फमध्ये चकत्यांच्या संख्येवर असे बंधन नाही. त्यामुळे नवशिक्या खेळाडूच्या पिशवीत चकत्यांची गर्दी होते आणि त्यांपैकी एकीचाही स्वभाव त्याला नीट उमगत नाही.

चकतीचे उड्डाण : उजव्या हाताने, हात शरीरासमोरून आणून फेकलेली चकती वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. वेग अधिक असताना तिचे अग्र खाली दाबले जाते. मात्र परिभ्रमणामुळे (भोवऱ्याप्रमाणे) त्या दाबाचा परिणाम उजवीकडे कलण्यात दिसतो. वेग मंदावला की अग्र वर उचलले जाऊ लागते व चकती डावीकडे वळून खाली येते. पहिला कल ज्या चकतीत कमी व दुसरा अधिक, ती अतिस्थिर. याउलट ती अल्पस्थिर होय. जलद वर्गातील चकतीला पुरेसा वेग न मिळाल्यास ती लवकरच डावीकडे कोसळते. म्हणून नवशिक्याला अतिजलद चकतीने पल्ला वाढत नाही, उलट घटतो.

किमान संच : सर्वसाधारण मैदानास तीन चकत्या पुरतात. (१) पटर : जाड, बोथट कडेची व मंद गतीची चकती, ही टोपलीजवळच्या व लहान पल्ल्याच्या फेकींसाठी असते. (२) मध्यम पल्ल्याची चकती : ही शक्यतो सरळ जाणारी असावी. फेकताना डावी कड खाली ठेवल्यास ती डावीकडे, उजवी कड खाली ठेवल्यास उजवीकडे वळते. म्हणजे एकाच चकतीने तीन मार्ग साधतात. (३) मध्यम वेगाची ड्रायव्हर : ही किंचित अतिस्थिर असावी. समोरच्या वाऱ्यात चकतीचा हवेशी सापेक्ष वेग वाढून ती अधिक उजवीकडे कलते. अतिस्थिर चकती हा कल आवरते.

चौथी चकती घ्यावयाची झाल्यास ती नव्या प्रकारची नसून पटरचीच दुसरी प्रत असावी. हरवलेली चकती शोधण्यास नियमानुसार तीन मिनिटे मिळतात व न सापडल्यास एका फेकीचा दंड होतो. दंडाची फेक एकच असते. परंतु फेरीच्या मध्यात पटर गमावल्यास पुढील प्रत्येक लक्ष्यावर तिची उणीव भासते.

वजन व झीज : नियमानुसार व्यासाच्या प्रत्येक सेंमी. मागे ८·३ ग्रॅ. ही वजनाची मर्यादा आहे. त्यामुळे २१ सेंमी. व्यासाची चकती सु. १७४ ग्रॅ. पेक्षा जड असू शकत नाही. हलकी चकती कमी जोराने दूर जाते, पण वाऱ्यात डगमगते. झाडांवर आपटून कड झिजली की चकती अल्पस्थिर बनते. अशी जुनी चकती टाकून न देता त्याच साच्याच्या नव्या चकतीसोबत ठेवल्यास ओळखीच्या पकडीत दोन भिन्न उड्डाणे लाभतात. मोजक्या चकत्यांनी खेळणाऱ्यास फेकीचा कोन व जोर बदलूनच मार्ग काढावा लागतो आणि या खेळातील मुख्य कौशल्य तेच होय.