यकृत : रचना, कार्ये आणि दक्षता

मानवी शरीरातील सर्वांत मोठी ग्रंथी म्हणजे यकृत होय. प्रौढ व्यक्तीमध्ये तिचे वजन सुमारे दीड किलो असते. पोटाच्या वरच्या भागात, उजव्या बाजूस, श्वासपटलाच्या खाली ती बरगड्यांच्या आड सुरक्षित असते. यकृताच्या आतील भागास वेदनेची जाणीव जवळजवळ नसते. त्यामुळे बिघाड बराच वाढेपर्यंत रुग्णास त्याची चाहूल लागत नाही.

दुहेरी रक्तपुरवठा

यकृताचा उजवा खंड मोठा, तर डावा लहान असतो. हे खंड असंख्य सूक्ष्म, साधारण षटकोनी खंडिकांचे बनलेले असतात. यकृतास दोन मार्गांनी रक्त मिळते. सुमारे एक चतुर्थांश रक्त धमनीतून येते. उर्वरित तीन चतुर्थांश रक्त 'पोर्टल व्हेन' या शिरेतून येते. ही शीर जठर, आतडी, स्वादुपिंड व प्लीहा यांतील रक्त वाहून आणते. अन्नातून शोषलेले बहुतांश घटक, तसेच गिळलेली औषधे व मद्य, उर्वरित शरीरात पोहोचण्यापूर्वी यकृतातून जातात.

प्रमुख कार्ये

जेवणानंतर रक्तातील जादा साखर यकृत ग्लायकोजेनच्या रूपात साठवते आणि उपवासाच्या काळात ती पुन्हा रक्तात सोडते. अल्ब्युमिन तसेच रक्त गोठण्यास आवश्यक असलेली बहुतेक प्रथिने येथेच तयार होतात. प्रथिनांच्या विघटनातून निर्माण होणाऱ्या विषारी अमोनियाचे रूपांतर युरियात होते व तो मूत्रावाटे बाहेर पडतो. लोह तसेच अ, ड आणि ब-१२ या जीवनसत्त्वांचा साठाही यकृतात असतो.

स्निग्ध पदार्थांच्या पचनास साहाय्य करणारे पित्त यकृतातच तयार होते. पित्ताशय केवळ त्याचा साठा करते. जुन्या तांबड्या रक्तपेशींच्या विघटनातून निर्माण होणारे बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य पित्तावाटे बाहेर टाकले जाते. या कार्यात अडथळा आल्यास ते रक्तात साचते आणि डोळे व त्वचा पिवळी दिसू लागते. हीच कावीळ.

कावीळ हा स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे. विषाणुसंसर्ग, पित्तनलिकेतील खडा, औषधांचा दुष्परिणाम अथवा कर्करोग यांपैकी कोणतेही कारण त्यामागे असू शकते. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या 'ए' व 'ई' प्रकारच्या हिपॅटायटिसमधील कावीळ बहुधा आपोआप बरी होते. त्यामुळे कावीळ उतरविण्याच्या घरगुती उपायांना श्रेय मिळते. मात्र अन्य कारण असल्यास या उपायांत उपचारांचा मोलाचा काळ वाया जातो.

पुनर्निर्मितीची क्षमता

यकृताचा मोठा भाग काढला तरी उरलेला निरोगी भाग काही आठवड्यांत वाढून जवळपास मूळ आकार गाठतो. यामुळेच जिवंत दात्याच्या यकृताचा अंश रुग्णास देता येतो. भारतात १९९८ मध्ये दिल्ली येथे एका बालकावर अशी शस्त्रक्रिया यशस्वी झाली. परंतु दीर्घकाळच्या सुजेमुळे यकृतात व्रणासारखे कठीण तंतू वाढले, म्हणजेच सिरोसिस झाला, की ही क्षमता क्षीण होते.

मद्यपान, 'बी' व 'सी' हिपॅटायटिस आणि लठ्ठपणा व मधुमेहासोबत आढळणारे मेदयुक्त यकृत ही त्याची प्रमुख कारणे होत. 'बी' प्रकारावर लस उपलब्ध असून तिची पहिली मात्रा जन्मानंतर २४ तासांत दिली जाते. 'सी' प्रकारावर लस नाही. मात्र औषधांनी तो बहुतेक रुग्णांत पूर्ण बरा होतो. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत या दोन्ही प्रकारांची तपासणी व औषधे सरकारी केंद्रांत मोफत दिली जातात. लक्षणांची वाट न पाहता केलेली रक्ततपासणी म्हणूनच महत्त्वाची ठरते.