पट आणि कोयता

जिल्हा परिषदेच्या लहान शाळेचे भवितव्य ‘पट’ या एका शब्दावर तोललेले असते. शिक्षणहक्क कायदा, २००९च्या अनुसूचीनुसार प्राथमिक वर्गांत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. ६१वे मूल आले की तिसरा. २०१८पासूनच्या समग्र शिक्षा योजनेतील शाळा-अनुदानही पटाच्या टप्प्यांनुसारच मिळते.

ही गणना परंपरेने ३० सप्टेंबरची. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे मात्र दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. साहजिकच आकडा खोटा नसतो, आणि तरीही डिसेंबरात वर्ग ओस पडतो. (‘पट’ म्हणजे पडदाही, हा योगायोग बोलका आहे.)

मुकादमाच्या हिशेबात एकक निराळे: तोडणी करणारे जोडपे म्हणजे एक ‘कोयता’, एकटा मजूर ‘अर्धा कोयता’. फडावर वाढे बांधणाऱ्या, धाकट्या भावंडाला सांभाळणाऱ्या मुलीसाठी या परिभाषेत अपूर्णांकही नाही. शाळेच्या दफ्तरी ती हजर, उचलीच्या वहीत ती नाहीच. हंगामी वसतिगृह तिला गावी थांबवू पाहते. साखरशाळा तिच्यामागे कारखान्यापर्यंत जाते.