डिसेंबर जवळ आला की वैजापूरकर रसिकाचं मन पुण्यात!

मंडळी, 'सवाई'ची तयारी सुरू करा. आपले गुरू सवाई गंधर्व, म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ, यांच्या स्मरणार्थ पं. भीमसेन जोशींनी 1953 साली पुण्यात हा महोत्सव सुरू केला. पंडितजी गेले 2011 साली, पण त्यांनी घालून दिलेली शिस्त टिकून आहे.

भीमसेनी अभंग आपल्याकडे घरोघरी पाठ आहेत. 'तीर्थ विठ्ठल' माझा सगळ्यात लाडका: शब्द नामदेवांचे, चाल राम फाटकांची, राग अहिरभैरव. पण ध्वनिमुद्रिकेत न सापडणारं बरंच काही मैफलीतच मिळतं. तानपुरे लागत असताना नीट बघा. तार आणि घोडीच्या मधला दोरा कलाकार केसभर सरकवतो आणि जवारी एकदम खुलते, सगळा मंडप भरून जातो. माझ्या मते मैफल तिथेच सुरू होते, म्हणून उशिरा पोचू नका.

शेवटच्या दिवशी सांगतेला सवाई गंधर्वांची भैरवीतली जुनी ध्वनिमुद्रिका लावतात. ती ऐकल्याशिवाय उठायचं नाही.

आपल्याकडून एसटीने नगरमार्गे गेलेलं सोयीचं. भारतीय बैठकीत बसणार असाल तर सतरंजी आणि शाल हवीच, रात्री गारठा असतो. कोण कोण येतंय, खाली लिहा.