प्रथिनांचे चिवट धागे

मानवी शरीरातील बहुतेक कामे प्रथिने पार पाडतात. अमिनो आम्लांची साखळी ठराविक रीतीने दुमडली गेली, तरच प्रथिन आपले कार्य करू शकते. ही घडी बिघडली की काही प्रथिने एकमेकांना चिकटून न विरघळणारे धागे बनतात. त्यांना ‘अमिलॉइड तंतू’ असे म्हणतात.

या नावामागे एक गैरसमज आहे. १८५४ साली जर्मन वैद्यकतज्ज्ञ रुडॉल्फ फिरखो यांना रोगग्रस्त ऊतींतील साठे आयोडीनमुळे पिष्टाप्रमाणे रंग घेताना दिसले. म्हणून त्यांनी ‘पिष्टसदृश’ या अर्थाचे हे नाव योजिले. तो पदार्थ प्रथिनमय असल्याचे १८५९ साली सिद्ध झाले. नाव मात्र टिकून राहिले.

या तंतूची जाडी सुमारे १० नॅनोमीटर असते. त्यात प्रथिनांच्या साखळ्या सपाट पसरून, तंतूच्या लांबीशी काटकोन करून, शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे एकावर एक रचल्या जातात. दोन पायऱ्यांतील अंतर अर्ध्या नॅनोमीटरहूनही कमी असते. असंख्य हायड्रोजन बंधांनी ही रचना घट्ट विणलेली असल्याने शरीरातील विकरे तिला सहजासहजी तोडू शकत नाहीत.

तंतूची वाढ विरजणासारखी होते. पहिले बीज तयार होण्यास दीर्घ काळ लागतो. एकदा ते तयार झाले की त्याच्या टोकांना नवे रेणू भराभर जोडले जातात. रोगाची लक्षणे उशिरा दिसण्याचे एक कारण हेच होय.

अल्झायमर विकारात मेंदूत, तर दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात स्वादुपिंडात असे साठे आढळतात. ट्रान्सथायरेटिन या प्रथिनाचे तंतू हृदयाचे स्नायू ताठर करतात. तथापि प्रत्येक तंतू अपायकारक नसतो. पीयूषिका ग्रंथी काही संप्रेरके याच स्वरूपात साठवून ठेवते.

ट्रान्सथायरेटिनचे चार घटक एकत्र बांधून ठेवणारे टाफामिडिस हे औषध २०१९ साली अमेरिकेत हृदयविकारासाठी मान्य झाले. अल्झायमरच्या प्रारंभिक अवस्थेसाठी लेकानेमॅब या औषधास तेथे २०२३ साली पूर्ण मान्यता मिळाली. ते मेंदूतील साठे कमी करते व रोगाची गती काहीशी मंदावते. परंतु त्यामुळे मेंदूत सूज वा रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने देखरेख आवश्यक असते.

नष्ट झालेल्या मेंदूपेशी कोणतेही औषध परत आणू शकत नाही. म्हणूनच घरातील वडीलधाऱ्यांच्या वाढत्या विस्मरणाची ‘म्हातारचळ’ म्हणून उपेक्षा न करता वेळीच वैद्यकीय सल्ला घेणे हिताचे ठरते.