दुसऱ्या पुस्तकातली माणसे : डार्क फँटसीच्या मालिकांचा मागोवा

डार्क फँटसीच्या मालिकेत माणसे घडतात ती बहुधा दुसऱ्या पुस्तकात. पहिल्या पुस्तकाला सगळे जगच उभे करायचे असते. राजघराणी, जुनी वैरे, जादूचे नियम यांतच त्याची बरीच पाने खर्ची पडतात. शेवटच्याला सगळ्यांचे हिशेब मिटवायचे असतात. मधल्या पुस्तकाच्या वाट्याला नवलाईही येत नाही आणि शेवटही येत नाही, म्हणून लेखकाला माणसांकडे वळण्यावाचून गत्यंतर उरत नाही. 1950 ते 2012 या काळातली अशी काही पुस्तके ओळीने पाहिली, की सुरुवातीला लेखकांना ठाम वाटणारी ‘माणूस बदलतो’ ही गोष्ट पुढे पुढे त्यांनाच संशयास्पद वाटू लागलेली दिसते.

मर्विन पीक यांचे ‘गॉर्मेनगास्ट’ 1950 साली आले, तेव्हा ‘डार्क फँटसी’ हे लेबल रूढ नव्हते. ‘टायटस ग्रोन’ या 1946 च्या पहिल्या पुस्तकात नायक जेमतेम तान्हे मूल आहे, आणि कादंबरी चालते ती स्टीअरपाइक या भटारखान्यातून पळालेल्या पोराच्या कारस्थानांवर. दुसऱ्या पुस्तकाच्या आरंभी टायटस सात वर्षांचा आहे, शेवटी घर सोडून जाणारा तरुण. पण त्याच्या वाढीपेक्षा स्टीअरपाइकची घसरण जास्त लक्षात राहते. गॉर्मेनगास्ट या किल्ल्यातल्या कर्मकांडांचा प्रमुख बार्क्वेन्टाइन याला स्टीअरपाइक जिवंत जाळतो, तेव्हा म्हातारा त्याला घट्ट धरून ठेवतो आणि स्टीअरपाइकचा चेहरा कायमचा भाजून निघतो. तोवर हा माणूस थंड डोक्याचा हिशेबी होता. त्यानंतर हिशेब चुकू लागतात आणि क्रूरतेची चव लागते. पीक यांनी आतला बदल असा चेहऱ्यावर कोरला. पुढच्या अनेक लेखकांनी दुसऱ्या पुस्तकातच पात्रांना जबर जखमा दिल्या, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे.

अर्सुला ले ग्विन यांनी वेगळाच मार्ग काढला. त्यांच्या अर्थसी मालिकेला डार्क फँटसी म्हणावे की नाही यावर वाद होऊ शकतो, पण ‘द टूम्स ऑफ अटुआन’ (1971) या दुसऱ्या पुस्तकाबाबत तो फारसा टिकणार नाही. त्यातला बराच भाग जमिनीखालच्या अंधारातच घडतो. पहिल्या पुस्तकाचा नायक गेड इथे अर्धी कादंबरी होईपर्यंत फिरकतच नाही. कथा आहे टेनारची. लहानपणीच आईबापांपासून तोडून तिला अनाम शक्तींची मुख्य पुजारीण केले जाते, नावही काढून घेतले जाते आणि ती ‘अर्हा’ होते. पुजारीण म्हणून तिला तीन कैद्यांच्या मरणाचा हुकूम द्यावा लागतो. ती त्यांना अन्नपाण्याविना मरू देते आणि मग रात्री दचकून उठू लागते. पुढे भुयारात अडकलेला गेड तिच्या हाती सापडतो, तेव्हा तोच प्रसंग पुन्हा उभा राहतो, आणि या वेळी ती पाणी घेऊन जाते. बदल सांगितलेला नाही. एकच निवड दोनदा करायला लावून तो दाखवला आहे. त्याहून धीटपणा शेवटाकडे आहे. सुटका झाल्यावर टेनार कृतज्ञ होत नाही. ती सुरा घेऊन गेडला मारायला निघते, कारण मोकळे होणे म्हणजे आजवरचे सगळे आयुष्य फुकट गेल्याचे मान्य करणे. या काळातल्या दुसऱ्या पुस्तकांत इतके प्रामाणिक व्यक्तिचित्रण क्वचितच झाले.

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात स्टीफन डोनल्डसन यांनी थॉमस कव्हेनन्टला आणले: कुष्ठरोगी, कडवट, आणि पहिल्याच पुस्तकात लीना या मुलीवर बलात्कार करणारा. ‘दि इलअर्थ वॉर’मध्ये तो जादूच्या प्रदेशात परततो तेव्हा तिथे चाळीस वर्षे लोटलेली असतात आणि त्या अत्याचारातून जन्मलेली एलेना तिथली सर्वोच्च अधिपती झालेली असते. गुन्हा असा समोर चालत येतो, तोही प्रेमाने बोलणारा. या पुस्तकात कव्हेनन्ट फारसा सुधारत नाही. वाचकाला त्याची जबाबदारी दिसत राहते, त्याला ती पेलवत नाही, आणि त्याच्या या टाळाटाळीची किंमत शेवटी एलेना मोजते.

कव्हेनन्टच्या उजव्या हाताची दोन बोटे कुष्ठरोगाने आधीच गेलेली आहेत. ‘द ड्रॉइंग ऑफ द थ्री’च्या (1987) सुरुवातीलाच स्टीफन किंग यांच्या रोलंड या बंदूकबाजाच्या उजव्या हाताचीही दोन बोटे समुद्रातले जीव तोडून नेतात. बंदूकबाजाची बोटे तोडणे हा कथाकार म्हणून किंग यांचा अचूक निर्णय होता. 1982 च्या ‘द गनस्लिंगर’मध्ये रोलंड एकटा, अबोल, आणि ध्येयासाठी जेक नावाच्या पोराला दरीत पडू देणारा होता. आता त्याला इतरांची गरज लागते. किनाऱ्यावरच्या दारांतून तो न्यू यॉर्कमधून एडी डीन हा हेरॉइनचा व्यसनी आणि ओडेटा होम्स ही दुभंगलेल्या मनाची, पाय गमावलेली स्त्री अशी दोन माणसे ओढून आणतो. धडधाकट रोलंडला जे कुणाकडून शिकता आले नसते, ते तापाने फणफणलेल्या रोलंडला एडीच्या आधाराने चालताना कळू लागते.

नव्वदच्या दशकात जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी कथनदृष्टीचाच उपयोग हत्यारासारखा केला. ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ (1996) मध्ये थिऑन ग्रेजॉय हा स्टार्क कुटुंबात ओलीस वाढलेला, सतत हसणारा, थोडा उर्मट तरुण आहे आणि तो फक्त इतरांच्या नजरेतून दिसतो. ‘अ क्लॅश ऑफ किंग्ज’ (1998) मध्ये पहिल्यांदाच त्याच्या स्वतःच्या डोक्यातून प्रकरणे येतात. ते हसू किती पोकळ होते, हे तेव्हाच उमगते. रॉब स्टार्कचा दूत म्हणून तो बापाकडे जातो. बाप त्याच्या अंगावरच्या सोन्यावरून त्याची अब्रू काढतो आणि त्याची जागा बहिणीने केव्हाच घेतल्याचे त्याला दिसते. कुणाचाच नसलेला हा मुलगा मग कुणाचा तरी होण्यासाठी विंटरफेल हा स्टार्कांचाच गड जिंकतो. स्टार्कांची मुले ब्रॅन आणि रिकन निसटल्यावर नाचक्की नको म्हणून गिरणीवाल्याच्या दोन पोरांना मारून त्यांची डोकी भिंतीवर लावतो. प्रत्येक पायरीवर त्याला मागे फिरता आले असते आणि प्रत्येक वेळी लाज त्याला पुढे ढकलते. वाचकाला त्याची किळस येते, आणि तरीही त्याचे कारण पटते. ही दोन्ही एकाच वेळी साधणे मोठे कठीण काम आहे.

त्याच पुस्तकात टिरिअन लॅनिस्टर राजाचा कार्यवाह होतो, राजधानी वाचवतो आणि बक्षीस म्हणून त्याच्या वाट्याला चेहऱ्यावरचा भयंकर घाव येतो; श्रेय बाप घेऊन जातो. टिरिअनच्या पुढच्या सगळ्या कडवटपणाचे मूळ इथे आहे.

जो ॲबरक्रॉम्बी यांच्या ‘बिफोर दे आर हँग्ड’ला (2007) मात्र या साऱ्या परंपरेची जाण आहे आणि ते तिची थट्टाही करते. ‘द ब्लेड इटसेल्फ’मधला (2006) जेझल हा देखणा, आढ्यताखोर तलवारबाज आहे. दुसऱ्या पुस्तकातल्या प्रवासात गदेच्या घावाने त्याचा जबडा मोडतो. आठवडेच्या आठवडे धड बोलता येत नाही, म्हणून तो ऐकायला शिकतो. सोबतच्या लोगन या रांगड्या योद्ध्याबद्दल त्याला आदर वाटू लागतो. एरवीच्या फँटसीत हा नायकाचा उदय ठरला असता. इकडे छळाच्या कोठडीतला अधिकारी ग्लोक्टा, जो स्वतःच पूर्वी शत्रूच्या छळाने मोडला आहे, तो डागोस्का हे वेढ्यात सापडलेले शहर लढवायला जातो आणि एका अपराधी स्त्रीला चक्क जिवंत सोडतो. त्याच वेळी उत्तरेत वेस्ट हा सगळ्यांत सरळमार्गी अधिकारी संतापाच्या भरात राजपुत्राला कड्यावरून ढकलून देतो. वाईट माणसे थोडी सुधारतात, चांगला माणूस खुनी होतो. आणि ज्या वस्तूसाठी जगाच्या टोकापर्यंत पायपीट झाली, ती तिथे नसतेच.

हा सगळा विकास तात्पुरता आहे हे ‘लास्ट आर्ग्युमेंट ऑफ किंग्ज’ (2008) वाचल्यावर कळते. जेझल राजा होतो, पण दुसऱ्याच्या हातचे बाहुले म्हणून. लोगन पुन्हा जुन्या रक्तपातात बुडतो. प्रवासात माणूस शहाणा होतो, पण घरी परतल्यावर जुनी सत्ता, जुनी भीती आणि जुना लौकिक त्याला परत आपल्या साच्यात बसवतात, असे ॲबरक्रॉम्बी यांचे म्हणणे आहे. काही वाचकांना ही फसवणूक वाटू शकते. फसवणूक ती नाही; मधल्या पुस्तकात दिसलेली सुधारणा खरी होती म्हणूनच तिसऱ्यातले पतन बोचते.

मार्क लॉरेन्स यांच्या ‘किंग ऑफ थॉर्न्स’ने (2012) तर बदलाची आठवणच काढून घेतली. पहिल्या पुस्तकातला निर्दय पोरगा जॉर्ग इथे अठरा वर्षांचा राजा आहे. लग्नाच्या दिवशीच त्याच्या गडाला वेढा पडतो. कथा त्या दिवसात आणि चार वर्षांपूर्वीच्या काळात आलटून पालटून चालते. मधल्या काळात केलेले एक कृत्य सहन होईना, म्हणून त्याची स्मृती तांब्याच्या पेटीत बंद करून ठेवली आहे. जॉर्गला आपण बदललो हे जाणवते, का ते ठाऊक नसते. रचना चातुर्याची आहे, पण ती काही ठिकाणी कोड्यासारखी होते आणि माणूस कोड्यामागे लपतो. टेनारच्या बाबतीत असे कधी होत नाही.

यांतली बहुतेक पुस्तके पहिल्या भागाशिवाय वाचू नयेत. थिऑनची लाज आणि जेझलचा मोडलेला जबडा आधीचा ताठा पाहिल्याशिवाय लागू पडत नाहीत. ‘द टूम्स ऑफ अटुआन’ मात्र मालिकेची काहीही ओळख नसताना थेट हाती घेता येते.