कर माफ झाला, पण भरला कोणी?

निवडणूक जवळ आली की आपल्या बाजारात दोनच गोष्टींची चर्चा असते. कोणता कर कमी होणार आणि सरकार कोणती नवी मदत देणार. तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, तो असा की हा पैसा येणार कोठून आणि त्यासाठी कोणता खर्च थांबणार? खरे तर व्यापाऱ्याला हाच प्रश्न आधी सुचायला हवा. दुपारी गल्ल्यातून शंभर रुपये काढले, तर रात्री हिशोबात ते कमी भरणारच. सरकारच्या गल्ल्याला मात्र आपण हा नियम लावत नाही.

पिंपरी-चिंचवडच्या व्यापाऱ्यांना हा धडा एलबीटीच्या वेळी मिळाला होता. नव्या पिढीला तो माहीत नाही आणि जुन्यांपैकी बरेच जण विसरले आहेत. म्हणून तो हिशोब पुन्हा मांडतो.

जकातीचा काळ

चऱ्होली बुद्रुक १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. इंद्रायणीपलीकडची चऱ्होली खुर्द खेड तालुक्यात, ग्रामपंचायतीतच राहिली. दोन्ही गावांचे नाव एक आणि मध्ये एकच नदी. पण सुरतेहून आलेली कापडाची गाठ अलीकडे उतरवली तर जकात, पलीकडे उतरवली तर नाही, असा प्रकार होता.

माझ्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्या माणसाला या शब्दाचे नवल वाटे. मूळ अरबी शब्द तोच. पण आपली जकात वर्ष सरल्यावर हाती असलेल्या मालावर आणि पैशावर निघते. नाक्यावरची जकात माल विकण्याआधी, तागा उलगडण्याआधीच द्यावी लागे. माल पडून राहिला तरी ती परत मिळत नसे. त्या काळी बहुतेक कापडावर राज्याचा विक्रीकर नव्हता. त्यामुळे आमच्या धंद्याला बोचणारा कर म्हणजे जकातच.

तरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कारखान्यांत येणाऱ्या मालावरची जकात हाच या महापालिकेच्या उत्पन्नाचा मुख्य आधार होता. रस्ते, पूल, दवाखाने आणि शाळा त्यातूनच उभ्या राहिल्या. ‘श्रीमंत महापालिका’ हे नावही तिला त्याच जोरावर मिळाले.

एलबीटी आणि बंद

१ एप्रिल २०१३ पासून पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये जकात जाऊन स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, आला. मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण होते. नाके उठले, गाड्यांच्या रांगा संपल्या. पण कराची जागा आता नाक्यावरून दुकानाच्या वहीत आली. शहराच्या हद्दीत आणलेल्या मालाची नोंद व्यापाऱ्याने स्वतः ठेवायची, दरमहा कर भरायचा आणि विवरणपत्र द्यायचे. वही तपासण्याचा अधिकार महापालिकेला मिळाला. छोट्या दुकानदाराला धास्ती याचीच होती.

एप्रिल-मे २०१३ मध्ये राज्यभर व्यापाऱ्यांनी बंद पाळले. मीही दुकान बंद ठेवले. मागणी अशी होती की कर घ्यायचाच असेल तर तो व्हॅटबरोबर एकाच ठिकाणी घ्या. सरकारचे म्हणणे असे होते की महापालिकेला स्वतःच्या हक्काचे उत्पन्न हवे, नाहीतर तिला दर महिन्याला राज्य सरकारच्या तोंडाकडे पाहावे लागेल. आज मागे वळून पाहतो तेव्हा दोन्ही बाजूंत तथ्य होते असे वाटते. त्या वेळी मात्र दुसरी बाजू ऐकून घेण्याची आमची तयारी नव्हती.

निवडणूक आणि वचन

मे २०१४ मध्ये लोकसभेचा निकाल लागला आणि सत्ताधाऱ्यांना मोठा फटका बसला. विधानसभेची निवडणूक ऑक्टोबरमध्ये होती. तेव्हापासून एलबीटी हा प्रचाराचाच विषय झाला. भाजपने तो रद्द करण्याचे वचन दिले आणि व्यापारी वर्गाने टाळ्या वाजवल्या. त्याच्या जागी काय येणार, हे विचारणारे फार थोडे होते.

नवे सरकार आले. अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार यांनी मार्च २०१५ च्या अर्थसंकल्पात घोषणा केली आणि १ ऑगस्ट २०१५ पासून वर्षाला ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांचा एलबीटी गेला. मोठ्या कंपन्यांवर तो १ जुलै २०१७ ला जीएसटी येईपर्यंत राहिला. दिलेले वचन सरकारने पाळले, हे मान्य केलेच पाहिजे.

खड्डा कोणी भरला?

महापालिकांचे बुडालेले उत्पन्न राज्याच्या तिजोरीतून अनुदान देऊन भरून काढले गेले. म्हणजे ते साऱ्या राज्याने भरले. चऱ्होली खुर्दच्या माणसाला महापालिकेचा रस्ता नाही, नळ नाही, दवाखाना नाही. तो डिझेल घेताना राज्याला जो कर देतो, त्यातूनही नदीअलीकडच्या शहराची भरपाई होऊ लागली. आमची सूट काही अंशी त्याच्या खिशातून गेली, हे आम्ही कधी मोजले नाही.

पुढे सप्टेंबर २०१५ अखेर राज्याने पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे २ रुपये वाढवले. कारण दुष्काळाचे होते आणि ते खरेही होते. पण तिजोरीवर आधीच नवा भार असेल, तर नव्या संकटात नव्याने हात पसरावा लागतो.

आणखी एक दाखला पाहा. एलबीटीबरोबर घरखरेदीच्या मुद्रांक शुल्कावर १ टक्का अधिभार लागला होता. एलबीटी उठल्यानंतरही तो चालू राहिला. चऱ्होलीत नव्या इमारतींत घर घेणाऱ्या आपल्या कारागीर बांधवाने तोही भरला. ४० लाखांच्या घरावर हा आकडा ४० हजार होतो.

जीएसटीनंतर राज्याने २०१७ साली महापालिकांसाठी भरपाईचा कायदा केला. २०१६-१७ हे वर्ष आधार धरून दरवर्षी ८ टक्के वाढीने रक्कम देण्याचे ठरले. शहराला निश्चित उत्पन्न मिळाले, हा फायदा झाला. पण त्याची दोरी राज्याच्या हाती गेली, म्हणजे २०१३ मध्ये सरकार जे सांगत होते तेच घडले.

माझी स्वतःची चूकही सांगतो. एलबीटी गेला, आता त्या वह्या कशाला, असे म्हणून मी त्या काळातली खरेदीची बिले बांधून माळ्यावर टाकली. पावसाळ्यात ती भिजली. कर उठला तरी त्या दोन वर्षांची करनिर्धारणा उठलेली नव्हती. नोटीस आली तेव्हा दाखवायला कागद नव्हता. व्याज आणि दंडासह जी रक्कम भरली, त्यात ईदच्या एका हंगामाचा नफा गेला.

२०२४ चा हिशोब

हेच चित्र दुसऱ्या बाजूने २०२४ साली दिसले. या वेळी विषय करमाफीचा नव्हता, खर्चाचा होता. २८ जून २०२४ च्या अर्थसंकल्पात ‘माझी लाडकी बहीण’ योजना आली. पात्र महिलेला दरमहा १५०० रुपये आणि वर्षाला ४६ हजार कोटींची तरतूद. नोव्हेंबरच्या निवडणुकीआधी महायुतीने २१०० रुपयांचे वचन दिले, तर महाविकास आघाडीने ३००० चे. खर्च कोणता कमी करणार, हे मात्र दोघांनीही ठळकपणे सांगितले नाही.

ही योजना वाया गेली असे मी म्हणणार नाही. आपल्या घरच्या बहिणींनाही ते पैसे मिळाले आणि त्यातले काही आपल्या दुकानात कापड घ्यायला आले. सरकारी खर्च म्हणजे उधळपट्टी असे सरसकट म्हणणाऱ्या व्यापाऱ्याने आपला गल्ला तपासून पाहावा.

पण पुढचे पानही वाचले पाहिजे. १० मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात २१०० रुपये आले नाहीत. योजनेची तरतूद ३६ हजार कोटी झाली. राज्याची महसुली तूट ४५,८९१ कोटी आणि कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींच्या घरात दाखवले गेले. साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाड्यांवर ७ टक्के एकरकमी करही प्रस्तावित झाला. जूनमध्ये दारूवरचे शुल्क वाढले. आपल्याला त्याचे काय, असे आपण म्हणू; पण १४ हजार कोटी जादा मिळवण्याची गरज का पडली, हे समजून घ्यावे. शंभर रुपयांत सणाचा शिधा देणारी ‘आनंदाचा शिधा’ योजना २०२५ मध्ये थांबली. ठेकेदारांनी थकलेल्या बिलांसाठी आंदोलने केली. ठेकेदाराचे बिल अडकले की त्याच्याकडचा वेल्डर, सुतार आणि रंगारीही अडकतो. सरकारची काटकसर बहुतेक वेळा अशीच, जाहीर न होता येते.

उमेदवाराला काय विचारावे?

निवडणूक महापालिकेची असो वा विधानसभेची, दारात आलेल्या उमेदवाराला चहा द्यावा आणि एवढे विचारावे:

१. हा कर माफ केला तर वर्षाला किती उत्पन्न बुडेल?
२. भरपाई कोण देणार आणि किती वर्षे?
३. त्यासाठी कोणता खर्च कमी करणार? त्याचे नाव सांगा.
४. मागची थकबाकी, नोटिसा आणि दंड यांचे काय?
५. नव्या मदतीची तरतूद पूर्ण वर्षाची आहे की मतदानापर्यंतची?

उत्तर मिळाले नाही तर तेही एक उत्तरच समजावे.

शेवटी एक सूचना. जीएसटीच्या वह्या आणि बिले वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळून ठेवावी लागतात. ती माळ्यावर टाकू नका, कोरड्या कपाटात ठेवा. उद्या हा करही बदलला, तरी मागचा हिशोब आपल्याकडेच मागितला जाणार आहे.