नवी आवृत्ती, जुन्या नोंदी

प्रयोगशाळेतल्या संगणकाने वेळ कोणत्या सर्व्हरकडून घ्यायची, ही नोंद आपण एका फाइलमध्ये स्वतः भरतो. सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीबरोबर त्याच नावाची नवी फाइल येते. मग आपली नोंद पुसली जाणार का?

दोन्ही फाइली ताडून पाहिल्या तर त्या वेगळ्या आहेत एवढेच कळते. बदल कोणी केला, ते कळत नाही. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियन या मुक्त प्रणालीतला डीपीकेजी हा प्रोग्राम म्हणून तिसरी गोष्ट जपतो: आधीच्या आवृत्तीबरोबर आलेल्या मूळ फाइलचा एमडी५ ठसा, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेली १२८ बिटांची संख्या. आपल्या फाइलचा ठसा मूळ ठशाशी जुळला, तर आपण काही बदललेले नाही. नवी फाइल मुकाट्याने बसते. नव्या फाइलचा जुळला, तर आपली राहते. दोन्ही जुळले नाहीत तरच तो थांबून विचारतो. नुसते एंटर दाबल्यास आपली फाइल राहते.

आम्ही एकदा घाईत ‘वाय’ दाबले! संगणक भलत्याच सर्व्हरकडे वेळ विचारू लागला. सुदैवाने आमची फाइल ‘.डीपीकेजी-ओल्ड’ हे शेपूट लावून शेजारीच ठेवलेली होती.